विस्थापन म्हणजे काय? (२ गुण)

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकते, म्हणजे नंतर कोणी नावं ठेवायला नकोत.

पहिली कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. नाशिकला. शाळेत मराठी होतं, पण आठवड्यातून तीन तास, आणि तेही जेवणानंतरच्या पिरियडला. त्यामुळे एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यातलं मोठं कोण हे मला आजही थांबून ठरवावं लागतं. हा लेख मी मराठी विभागाला देणार म्हटल्यावर माझी रूम पार्टनर पंधरा मिनिटं हसत होती. शुद्धलेखनाच्या चुका तिनेच काढल्या आहेत, उरलेल्या तिच्याच समजाव्यात!

दुसरी कबुली. मला फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये केटी आहे. म्हणजे डिस्टन्स आणि डिस्प्लेसमेंट यातला फरक समजावून सांगायला मी जगातली सर्वात नालायक व्यक्ती आहे. तरी सांगणार आहे, कारण हा फरक मला कॉलेजने शिकवला नाही, क्लासने शिकवला नाही, तो मला आपल्या मेसच्या मागच्या खोलीत कळला.

झालं असं. मेसच्या मावशींना आपण सगळे ओळखतो. त्यांची मुलगी नववीत आहे, मराठी मीडियमला. सगळं हॉस्टेल तिला छोटी म्हणतं, मीही तेच म्हणेन. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी ताट ठेवायला गेले तर मावशींनी मला थांबवलं.

"ताई, जरा बघा की हिच्याकडं. चार दिस झालं शाळंत जाईना. सायन्समधी नापास झाली तर दहावीला बसवायची न्हाईत म्हनं. मग काय, चपात्या लाटायला हायेच माझ्या शेजारी."

छोटी कोपऱ्यात कांदे निवडत बसली होती. वर बघितलंच नाही तिने. मावशींनी घटक चाचणीचा पेपर काढून माझ्या हातात दिला. प्रश्न होता : विस्थापन म्हणजे काय? उदाहरण द्या. २ गुण. खाली छोटीच्या गोल गोल अक्षरात उत्तर : 'धरण बांधल्यामुळे गावातील लोकांना घरदार, शेती सोडून दुसरीकडे जावे लागते त्यास विस्थापन म्हणतात. उदा. आमची आजी.'

त्यावर लाल फुली, शून्य, आणि शेजारी शेरा : 'हा भूगोलाचा पेपर नाही.'

खरं सांगते, मी हसले. अगदी जोरात. आणि मग लक्षात आलं की वर्गातही असंच झालं असणार. झालंच होतं. पेपर वाटताना तिचं उत्तर मोठ्याने वाचलं गेलं आणि तेव्हापासून वर्गातली मुलं तिला 'धरण' म्हणून हाक मारतात. 'ए धरण, दरवाजे उघड', असं. शाळा बुडवायचं कारण हे.

मी जरा ओशाळले आणि म्हटलं, थांब, मी तुला सांगते बरोबर उत्तर. आणि घडाघडा सुरू झाले. डिस्प्लेसमेंट इज द शॉर्टेस्ट डिस्टन्स बिटवीन इनिशियल अँड फायनल पोझिशन, इट इज अ व्हेक्टर क्वांटिटी, इट हॅज मॅग्निट्यूड अँड डायरेक्शन. एकदम पाठ. नववीपासून पाठ आहे. छोटी शांतपणे म्हणाली, "ताई, मराठीत सांगा."

आणि मी अडकले. शब्द अडले असं म्हणून सुटका करून घेता आली असती, पण शब्द तर तिच्या पुस्तकात होतेच. अंतर, विस्थापन, अदिश राशी, सदिश राशी. अडलं ते वेगळंच होतं. पाठ केलेली ओळ काढून घेतली तर माझ्याकडे सांगायला काही उरतच नव्हतं. केटी का लागली त्याचं उत्तर मला त्या दिवशी कांद्याच्या टोपलीशेजारी मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवणं आटपली की मी अर्धा तास मेसच्या मागे जाऊ लागले. पहिले दोन दिवस आम्ही हॉस्टेलच्या आवारातच शिकलो. समजा, हॉस्टेलच्या गेटपासून पूर्वेला ४०० मीटर चालत गेलो आणि तिथून वळून उत्तरेला ३०० मीटर. पाय किती चालले? ७००. हे झालं अंतर. पण गेटवर उभं राहून सरळ बोट दाखवलं तर मी किती लांब आहे? पायथागोरस लावला की ५०० मीटर. आणि बोट कुठे दाखवतंय? ईशान्येकडे. हे ५०० मीटर आणि ते बोट, दोन्ही मिळून विस्थापन. नुसतं ५०० म्हटलं तर उत्तर अर्धंच.

इथे छोटीने एक प्रश्न विचारला, जो मी कधी विचारला नव्हता. मध्ये भिंत असेल तर? वर्कशॉपची बिल्डिंग आहे ना मधे, सरळ कसं जाणार? मी म्हटलं, जायचंच नाहीये. विस्थापनाला रस्ता लागत नाही. मधे भिंत असो, डोंगर असो, नदी असो, ते विचारतच नाही. फक्त कुठून निघालात आणि आत्ता कुठे आहात, एवढंच त्याला पाहिजे. मधल्या वेळात तुम्ही चहा प्यायलात, रस्ता चुकलात, पाय मुरगळला, हे सगळं अंतराच्या खात्यात.

मग गेटवर परत आलो तर? अंतर १४०० मीटर, विस्थापन शून्य. हे तिला पटेना. "एवढं चालून शून्य?" मग मी तिला स्टेडियमचा ट्रॅक सांगितला, कारण ती शाळेत पळते. प्रमाणित ट्रॅकची सर्वात आतली लेन ४०० मीटरची असते. दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर, आणि दोन अर्धवर्तुळं. लेनची लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेर मोजतात, म्हणून वळणाची त्रिज्या ३६.५० ऐवजी ३६.८० धरायची. गणित करून बघा, बरोबर ४०० येतं. आता दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे २५ फेऱ्या. जिथून सुटायचं तिथेच संपवायचं. जिंकणाऱ्याचं विस्थापन शून्य आणि शेवटून पहिल्या आलेल्याचंही शून्य! आणि अर्धी फेरी मारली, म्हणजे २०० मीटर, तर विस्थापन किती? दोनशे नाही, शंभरही नाही. सुरुवातीच्या जागेपासून एका बाजूला ८४.३९ आणि आडवं ७३.६०, त्याचा कर्ण. जवळपास ११२ मीटर. छोटीने हे स्वतः काढलं, वर्गमूळ कॅल्क्युलेटरवर. तेव्हा पहिल्यांदा ती हसली.

मधे एक सांगून टाकते, कारण फर्स्ट इयरवाल्यांना उपयोगी पडेल. विस्थापन अंतरापेक्षा 'नेहमी कमी' असतं असं लिहू नका. ते अंतराइतकं असू शकतं, जास्त मात्र कधीच नाही. आणि सरळ रेषेत चाललं की दोन्ही सारखी, हेही अर्धसत्य आहे. मी व्हायव्हाला हेच उत्तर दिलं होतं. एक्स्टर्नल सरांनी शांतपणे विचारलं, सरळ १०० मीटर गेलात, छत्री विसरली म्हणून त्याच रेषेत ४० मीटर मागे आलात, आता? अंतर १४०, विस्थापन ६०. रेषा सरळच होती की. दिशा न बदलता गेलं तरच दोन्ही सारखी. तेव्हा माझ्या चेहऱ्यावरचे भाव बघून सरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, यातच सगळं आलं.

तसंच चाल आणि वेग. आपण बोलताना दोन्हीला स्पीडच म्हणतो. शनिवारी एसटीने पुण्याला ११० किलोमीटर जायचं अडीच तासात, रविवारी तितक्याच वेळात परत. ५ तासांत २२० किलोमीटर, सरासरी चाल ताशी ४४ किलोमीटर. सरासरी वेग मात्र शून्य, कारण रविवारी रात्री आपण परत त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली. गाडीचा किलोमीटरचा काटा फक्त अंतर मोजतो. विस्थापन मोजणारा काटा कुठल्याच गाडीत नसतो.

असो. खरी मजा पुढे आहे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला वाटलं, हिला नकाशावर दाखवावं. रेक्टर मॅडमकडून सातारा जिल्ह्याचा मोठा नकाशा मागून आणला आणि मेसच्या टेबलावर पसरला. आपल्या जिल्ह्यात या धड्यासाठी निसर्गाने एक उदाहरण तयारच ठेवलं आहे आणि ते एकाही पुस्तकात मी बघितलेलं नाही. कृष्णा आणि कोयना. दोन्ही महाबळेश्वरला उगम पावतात. कृष्णा वाईवरून, आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीवरून खाली कराडला जाते. कोयना दुसऱ्या बाजूने, सह्याद्रीच्या दोन रांगांच्या मधून सरळ दक्षिणेला उतरते, हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. एकाच ठिकाणी सुरुवात, एकाच ठिकाणी शेवट. म्हणजे दोन्ही नद्यांचं तिथपर्यंतचं विस्थापन अगदी एकच!

आम्ही मावशींचा शिवणाचा दोरा घेतला. नकाशावर कोयनेच्या वळणावळणाने तो ठेवत गेलो, मग सरळ करून पट्टीवर मोजला. तसाच कृष्णेचा. दोन्ही दोरे महाबळेश्वर-कराड या सरळ पट्टीपेक्षा चांगलेच लांब भरले. कोयनेची लांबी पुस्तकात सुमारे १३० किलोमीटर दिलेली असते, पट्टीने सरळ मोजलं तर ९० किलोमीटरच्या आसपास येतं. आमचा दोरा १३० पेक्षा थोडा कमीच भरला. का बरं? मीही विचारात पडले. मग लक्षात आलं, नकाशा लहान आहे, त्यात नदीची बारीक वळणं काढलेलीच नाहीत. नकाशा जितका मोठा आणि बारकाईचा, तितका दोरा लांब होत जाणार. पट्टीचं उत्तर मात्र नकाशा कुठलाही घ्या, तेच. म्हणजे मोजायला बसलं की अंतर हीच किचकट गोष्ट आहे आणि ज्याला आपण अवघड म्हणतो ते विस्थापन सोपं. मेकॅनिक्सच्या सरांनी हे कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी शेवटच्या बाकावर असेन.

आता हे चालू असताना आजी, म्हणजे मावशींची आई, खाटेवर पडून ऐकत होती. कोयनेचं नाव निघाल्याबरोबर उठून बसली. नकाशाजवळ आली. तिला वाचता येत नाही. निळ्या रंगाचा तो लांबडा पट्टा बघून तिने विचारलं, "ह्यो शिवसागर का?"

म्हटलं हो.

"मग आमचं गाव ह्येच्यात आसंल. बघ सापडतंय का."

तुम्ही सगळे कासला गेला असाल. सप्टेंबरमध्ये फुलं बघायला आपल्या हॉस्टेलच्या निम्म्या गाड्या यवतेश्वरचा घाट चढतात. कासच्या पुढे तसंच गेलं की बामणोली लागतं, तिथे बोटिंग करून, फोटो काढून आपण परत येतो. मीही दोनदा गेले आहे. ते पाणी म्हणजे कोयनेचा जलाशय. तो भरल्यावर १०५ टीएमसी होतो, हे पावसाळ्यात पेपरमध्ये रोज वाचतो आपण. धरण १९६४ साली पूर्ण झालं, पाणी त्याच्या आधीच चढायला लागलं होतं. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिचं गाव बामणोलीच्या जवळपास कुठेतरी, पण खाली, नदीच्या काठाला. ते नकाशावर असायचा प्रश्नच नव्हता. मी बोट ठेवलं ते अंदाजाने.

छोटीनेच मग ठरवलं. "ताई, आजीचं काढूया. अंतर आणि विस्थापन."

आम्ही तिघी टेबलाभोवती बसलो. मावशी भांडी घासता घासता मधे मधे दुरुस्ती करत होत्या. आजी सांगत गेली आणि छोटी वहीत लिहीत गेली. गावातून सामान डोक्यावर घेऊन, थोडं बैलगाडीवर, साताऱ्यापर्यंत : आजच्या रस्त्याने ३५ किलोमीटर धरलं. साताऱ्यातून ट्रकने पनवेलच्या बाजूला, रायगड जिल्ह्यात, जिथे जमीन मिळाली होती : अंदाजे २३० किलोमीटर. (कोयनेची बरीच माणसं तिकडे रायगड, ठाणे आणि इकडे सोलापूर, सांगली अशी विखुरली, हे मला नंतर लायब्ररीत वाचायला मिळालं.) तिथे ती दोन-तीन वर्षं राहिली. आजीच्या वडिलांना तिथलं पाणी आणि हवा मानवली नाही, धाकटा भाऊ तापाने गेला. मग सगळे परत निघाले. परत २३० आणि ३५. गाव तर राहिलं नव्हतं, मग गावाच्या वरच्या उतारावर, जिथे त्यांची गुरं चरायची, तिथे खोपटं बांधून राहिले. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी तिथे होती. मातीची भिंत पडली, पण ती बाहेरच्या बाजूला पडली म्हणून वाचलो, असं ती अगदी सहज सांगते. त्यानंतर लग्न होऊन साताऱ्यात, आणखी ३५.

छोटीने बेरीज केली. ३५ अधिक २३० अधिक २३० अधिक ३५ अधिक ३५. पाचशे पासष्ट किलोमीटर.

"आता विस्थापन," ती म्हणाली, आणि पट्टी घेतली. पनवेलला असताना : नकाशाच्या बाहेर जात होतं, म्हणून मी दुसऱ्या नकाशावर मोजलं, दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे, वायव्येकडे. परत आल्यावर उतारावरच्या खोपटात : अंतर ५३०, विस्थापन फार तर एक किलोमीटर, आणि बहुतेक वरच्या दिशेने. आत्ता, या खोलीत : सरळ पट्टीने २५ किलोमीटर, पूर्वेला.

छोटी खूश. मीही खूश. गणित सुटलं होतं, दिशेसकट. आजी मात्र पट्टीकडे बघत होती.

"म्हंजी साऱ्या जल्माचं इस्थापन पंचवीसच?"

मी घाईघाईने म्हटलं, आजी, हे फक्त सायन्समधलं. यात कुठून कुठे एवढंच धरतात.

"आन् त्ये मधलं?"

"ते अंतरात."

"आन् भाऊ?"

काय सांगणार? कशातच नाही, असं मी म्हणू शकले नाही. छोटी माझ्याकडे बघत होती. शेवटी तिनेच सांगितलं, "आजी, त्यो माझ्या पेपरातला शब्द. ह्यो सायन्सवाला येगळा हाय. दोन्ही एकाच नावाचं हायेत." मग मला म्हणाली, "ताई, म्हंजे माझं उत्तर चुकीचं नव्हतं. दुसऱ्याच प्रश्नाचं होतं."

यावर मी तरी अजून काही वेगळं सांगू शकलेली नाही. इंग्रजीतही तसंच आहे, हे मला त्या रात्री झोपताना सुचलं. डिस्प्लेस्ड पर्सन्स हा शब्द मी शाळेत हिस्टरीमध्ये वाचला होता, डिस्प्लेसमेंट फिजिक्समध्ये, आणि दोन्ही वह्या वेगवेगळ्या असल्याने दोन्ही शब्द कधी भेटलेच नाहीत. छोटीकडे एकच वही आहे. (मेकॅनिकलच्या मुलांनी हसू नये. तुमच्या शंभर सीसीच्या बाइकमधलं ते शंभर सीसीसुद्धा डिस्प्लेसमेंटच आहे, पिस्टनने सरकवलेली जागा. हा तिसरा अर्थ.)

तर आजी काही झोपेना. थोड्या वेळाने तिने पट्टीच्या दुसऱ्या टोकावर, पाण्यात, बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये जिथनं मोजलंस, थितं तर काय बी न्हाई. घर न्हाई, झाड न्हाई. उन्हाळ्यात पानी उतरलं की जोती दिसायची काही जणांची. आमचं तर तेवढं बी दिसलं न्हाई कधी. मग मोजलंस कुठनं?"

आता हा प्रश्न खरा मेकॅनिक्सचा आहे. आणि याचं उत्तर मला येत होतं! मी सांगितलं, आजी, मोजायला घर लागत नाही, फक्त जागा लागते. जागा म्हणजे उत्तरेला इतकं आणि पूर्वेला इतकं. वर पाणी आलं, घर पडलं, झाड गेलं, तरी ती जागा तिथेच असते. तिथून तुमच्यापर्यंत रेघ ओढता येते, म्हणून तर पंचवीस आले.

"म्हंजी ती जागा अजून हाय म्हन्तीस?"

"आहे आजी."

आजीने मान हलवली आणि जाऊन झोपली. मावशींची भांडी घासायची थांबली होती, ती परत सुरू झाली.

त्यानंतर आमचे धडे चालू राहिले. एक गोष्ट मला स्वतःला फायद्याची ठरली, ती सांगून आवरतं घेते. केटीच्या अभ्यासात वर्क डन बाय अ कॉन्झर्व्हेटिव्ह फोर्स हे प्रकरण माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आता शिरलं. अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्त्याने वळसे घेत जा किंवा पायवाटेने धापा टाकत जा, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध केलेलं काम तेवढंच, कारण ते फक्त खालचं आणि वरचं ठिकाण बघतं. माझं वजन ५० किलो (रूम पार्टनर इथे प्रश्नचिन्ह घालायला सांगत आहे), चढ ३०० मीटर धरला तर १४७ किलोज्यूल. म्हणजे सुमारे ३५ किलोकॅलरी. शरीर काही शंभर टक्के कार्यक्षम नाही, तेव्हा प्रत्यक्षात त्याच्या चौपट धरा. म्हणजे मावशींच्या दीड चपातीत अजिंक्यतारा सर! घर्षणाचं मात्र उलटं. ते रस्ता बघतं. जितकं फिराल तितकं ते काढून घेतं, आणि परत जागेवर आलात म्हणून काही परत देत नाही. गुरुत्वाकर्षण विस्थापनाच्या बाजूचं, घर्षण अंतराच्या बाजूचं, एवढं लक्षात ठेवलं आणि पूर्ण प्रकरण उलगडलं.

आणि दिशेचं महत्त्व विचाराल तर पुन्हा कोयनाच. धरण नसतं तर तिचं सगळं पाणी कराडला कृष्णेत आणि पुढे आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. कृष्णा सगळी मिळून सुमारे १४०० किलोमीटर आहे. आता त्यातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे सोडतात, तिथे जमिनीखालच्या वीजघरात ते टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला जातं. एकाच तळ्यातले दोन थेंब, एकाचं विस्थापन पूर्वेला, एकाचं पश्चिमेला, मधे अख्खा देश. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. रात्री दोन वाजता आपण ट्यूबलाइट चालू ठेवून झोपी जातो, तेव्हा त्यात थोडीफार त्या पाण्याचीही वीज असू शकते.

छोटी तिसऱ्या आठवड्यात शाळेत जायला लागली. मुलं 'धरण' म्हणायची थांबली नाहीत, पण तिने एकाला १०५ टीएमसी म्हणजे किती लिटर हे विचारलं आणि त्याला आलं नाही, असं ती सांगत होती. (तिला येतं. साधारण तीन लाख कोटी लिटर. आम्ही दोघींनी शून्यं मोजून काढलं.) ऑक्टोबरच्या सत्र परीक्षेत 'अंतर व विस्थापन यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा' हा प्रश्न आला, ३ गुणांचा. तिने कृष्णा-कोयनेचं उदाहरण लिहिलं, आकृतीसकट. ३ पैकी ३. सायन्समध्ये एकूण ४० पैकी २३. मावशींनी त्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांना शिरा केला होता. तो का होता ते आता तुम्हाला कळलं असेल.

माझा केटीचा निकाल हा लेख देईपर्यंत लागलेला नाही.

मे महिन्यात परीक्षा संपल्या की छोटी, आजी आणि मी बामणोलीला जाणार आहोत. तेव्हा पाणी सर्वात खाली असतं. मावशी म्हणतात, सकाळी लवकर निघा, उन्हाचं आजीला झेपत नाही. लाँचवाल्याला कुठे थांबायला सांगायचं ते आजी सांगणार आहे. तिने बाजूच्या दोन डोंगरांच्या खुणा अजून लक्षात ठेवल्या आहेत, आणि छोटी म्हणते, दोन खुणा असल्या की पट्टीने जागा काढता येते. बरोबर आहे तिचं. सर्व्हेइंगमध्ये आम्हाला हेच शिकवतात.